मसाल्याच्या बागेतला मागचा तुकडा

मसाल्याची बाग बघायला आलेली माणसं सगळ्यांत आधी जे विचारतात त्याचा मसाल्याशी काही संबंध नसतो. ती विचारतात, "बाथरूम कुठंय?" मग विचारतात, "परतीची लाँच चुकणार नाही ना?" मसाल्याची पाळी त्यानंतर येते, आणि तेव्हाही बहुतेक जण वर बघत असतात. मिरी म्हटलं की माना वर, वेलदोडा म्हटलं की माना आणखी वर. वेलदोडे झाडाच्या बुडाशी जमिनीलगत लोळत असतात. ते दाखवायला बाई खाली वाकली की मागून कुणीतरी काळजीने म्हणतं, "अहो, तुमचं काही पडलं का?"

बेटाच्या उतारावर असलेल्या या बागेत पाहुण्यांना फिरवणारी बाई पन्नाशीला टेकली आहे. पाहुण्यांची ती गाइडबाई. घरातली थोरली सून. धाकट्या दिराने तिला 'कर्णा' असं नाव ठेवलं आहे आणि ते लाडाने ठेवलंय असं तो सांगतो.

नाव अगदीच हवेतून आलेलं नाही. लग्नाआधी ती खाडीपलीकडच्या शहरात बसस्थानकावर घोषणा करायची. काचेची खोली, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, फडकं गुंडाळलेला माइक आणि समोर सतत काचेवर टकटक करणारी माणसं. गाडी आली तर तिच्यामुळे आली असं कुणी कधी म्हटलं नाही, पण उशीर झाला तर तो तिनेच केलेला असायचा. तिचा नवरा तेव्हाही लाँचवर इंजिन सांभाळायचा, आजही सांभाळतो. तो सांगतो की एवढा गोड आवाज कुणाचा, हे बघायला तो काचेपाशी गेला. ती सांगते की त्याची गाडी चुकली होती आणि तो भांडायला आला होता.

बेटावर लग्न करून जायचं म्हणजे आता बोलण्यातून सुटका, असा तिचा हिशेब होता. सासरे लवंगवाले. घरात फारसं कुणी बोलत नसे, कारण सगळे झाडांवर असत. पण पुढे नुसत्या लवंगेवर घर चालेनासं झालं, तेव्हा दिराच्या डोक्यात पाहुण्यांची कल्पना आली. त्याने धक्क्यावर पाटी लावली, बागेतून फरसबंद वाट काढली, वाटेच्या शेवटी पुड्यांचं दुकान थाटलं, तिथे आपल्या बायकोला बसवलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पाहुण्यांना काहीतरी सांगावंही लागेल.

"वहिनी, तुम्हाला काय, सवयच आहे," तो म्हणाला होता.

तेव्हापासून ती बोलतेय. सकाळी एक घोळका, दुपारी एक, सुट्टीच्या दिवसांत मध्ये आणखी एक घुसडलेला. दालचिनी म्हणजे झाडाची साल. जायफळ आणि जायपत्री एकाच फळात. काळी, पांढरी आणि हिरवी मिरी एकाच वेलाची. रोज तीच वाक्यं, तेच विनोद, आणि त्याच जागी तेच हसू. रात्री नवऱ्याने "जेवलीस का?" विचारलं तरी ती मानेनेच हो म्हणते. तो बिचारा इंजिनाच्या आवाजात दिवस काढलेला माणूस, त्याला ते बरंच वाटतं.

या सगळ्यात तिच्या मालकीची एकच जागा होती. बागेचा मागचा तुकडा. घराच्या खालच्या बाजूला, तीव्र उतारावर, दाट सावलीचा. तिथे वाट नव्हती आणि पाटीही नव्हती. चार वर्षांपूर्वी तिने माहेरच्या एका ओळखीच्या बागवानाकडून व्हॅनिलाच्या कांड्या आणून तिथल्या झाडांच्या बुंध्याशी लावल्या होत्या. वेल वर चढला की खाली ओढून हाताच्या उंचीवर गुंडाळायचा, पाला घालायचा, शेणपाणी द्यायचं. हे सगळं ती तोंडातून अवाक्षर न काढता करायची. सासरे त्या वेलाला 'तुझी ती हिरवी दोरी' म्हणत. गुडघे दुखतात म्हणून त्या उतारावर ते कधी उतरलेही नव्हते.

यंदा वेलाला भरघोस कळ्या धरल्या आणि नेमकी तेव्हाच दिराची नजर त्या तुकड्यावर गेली.

"मागून समुद्र काय झकास दिसतो," तो जेवताना म्हणाला. "वाट तिथपर्यंत न्यायची. खाली एक झोपाळा टांगायचा. पाहुणे झोपाळ्यावर, मागे समुद्र, बाजूला व्हॅनिला. फोटोच फोटो!"

"झोपाळा कशाला टांगणार?" तिने विचारलं.

"झाडाला."

"ती झाडं वेलाच्या आधाराची आहेत, भाऊजी. झोपाळा हलला की वेल तुटेल."

"मग झोपाळा हळू हलवायला सांगू. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतात लोक."

ती काही बोलणार इतक्यात सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली. घरात शेवटचा शब्द अजून त्यांचाच चालतो, आणि तो त्यांनी भात कालवता कालवता टाकला. "यंदा तिच्या दोरीला शेंगा धरल्या तर तुकडा तिचा. नाही धरल्या तर तुझा झोपाळा. आता जेवा."

व्हॅनिलाचं फूल म्हणजे नुसता ताप असतो. फिकट पिवळं, दिसायला साधं. उजाडताना उमलतं आणि ऊन चढलं की मान टाकतं. इथली कुठलीही माशी त्याला शिवत नाही. शेंग हवी असेल तर त्याच सकाळी प्रत्येक फुलाशी जाऊन, काडीने आतला पातळ पडदा उचलून, परागाची गोळी अंगठ्याने अलगद दाबायची. ती सकाळ गेली की ते फूल गेलं. एका घोसातल्या कळ्या सगळ्या एकदम उमलत नाहीत. आज दोन, उद्या एक, परवा आणखी, असं ते आठवडे न् आठवडे चालतं. म्हणजे रोज सकाळी हजेरी लावायची. मागच्या वर्षी थोडी फुलं आली होती. त्यातली बहुतेक पाहुण्यांना जायफळ समजावून सांगताना खाली गळून गेली.

यंदा तिने दिराला बजावून ठेवलं होतं की फुलं संपेपर्यंत सकाळचा घोळका उशिरा घ्यायचा. तो "हो हो" म्हणाला होता. फुलायला सुरुवात झाल्यावर तिसऱ्याच सकाळी ती काडी घेऊन खाली निघाली, तर वरून हाक आली.

"वहिनी! मंडळी आली!"

"आत्ता? एवढ्या लवकर?"

"पहिल्या लाँचने आलीयत. दुपारच्या लाँचला गर्दी असते म्हणाली. मी नाही कसं म्हणणार?"

"तोंडाने, भाऊजी. नाही असं तोंडाने म्हणतात."

"चहा झालाय त्यांचा. बाथरूमही झालीय. आता फक्त तुम्हीच उरलात."

तिने काडी अंबाड्यात खोचली. अंगणात सासरे लवंगांमधले देठ वेचत बसले होते. त्यांच्यासमोरून जाताना ती स्वतःशीच पण चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "एवढी माणसं आहेत घरात, पण खालच्या फुलांचं कुणी बघेल तर शपथ! उन्हं वर आली की संपलं सगळं. कुणाला काय त्याचं!"

सासऱ्यांनी मान वर केली नाही. देठ वेचणं चालूच राहिलं.

घोळका नेहमीसारखाच होता. पुढे एक टोपीवाले गृहस्थ, ज्यांना सगळं आधीच माहीत होतं. मागे काडीला फोन लावून चालणारी एक ताई, जी झाडांपेक्षा स्वतःकडेच जास्त बघत होती. मध्ये बाकीचे, जे त्या दोघांना चुकवत चालले होते.

"ही मिरी," बाई म्हणाली.

"हिरवी आहे," टोपीवाले म्हणाले.

"वाळली की काळी होते."

"आमच्याकडे काळीच मिळते."

"हो, ती वाळलेली असते."

"नाही, पण चांगल्या दुकानातून आणतो आम्ही."

ती पुढच्या झाडाकडे वळली. वाट आता लवंगेपाशी पोचली होती. सासऱ्यांच्या हातची जुनी, उंच झाडं. इथे ती थोडं मन लावून बोलते, कारण हे काम तिने स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे.

"लवंग म्हणजे न उमललेली कळी. पूर्ण भरली, गुलाबी छटा आली, की उमलायच्या आत खुडायची. एक दिवस उशीर झाला आणि फूल उमललं, की लवंग गेली. आमच्या मामंजींनी सगळा जन्म हेच केलं. कळी उमलताना दिसली तर त्यांना झोप लागत नाही."

"ही बघा, ही भरली आहे!" फोनवाली ताई ओरडली. तिने हाताशी आलेला घोस ओढला. घोस फांदीवरून सुटून हातात आला आणि त्याच्यासोबत वीतभर तार.



"हे तारेवर लागतं का?" टोपीवाल्यांनी विचारलं.

लवंगेचा हंगाम नव्हता. आणि हंगाम नसला तरी पाहुण्यांना प्रत्येक झाडावर काहीतरी दिसलंच पाहिजे, असं दिराचं धोरण होतं. पाहुणे यायच्या आधी तो वाटेकडेच्या फांद्यांवर वाळल्या लवंगांचे घोस तारेने बांधून ठेवत असे. तिने त्याला शंभरदा सांगितलं होतं की वाळलेली लवंग झाडावर तपकिरी दिसते, निदान शहाण्या माणसाला तरी कळेल. तो म्हणायचा, "शहाणी माणसं इथे येतच नाहीत."

"ते नमुन्यासाठी लावलंय," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत बसस्थानकावर तिने कितीतरी रद्द झालेल्या गाड्या याच आवाजात जाहीर केल्या होत्या. "चला, जायफळ बघू."

जायफळाच्या झाडाखालून घराचं अंगण आणि त्याच्या खालचा उतार दिसतो. तिने फळ फोडलं, लाल जायपत्री दाखवली, "आता हे बघा, एकाच फळात" एवढं म्हणाली आणि तिचं लक्ष खाली गेलं. अंगणात सासरे नव्हते. त्यांची टोपली नव्हती, आणि टोपलीजवळची चटईही नव्हती. मागच्या तुकड्यातल्या झाडांमधून एक पांढरं डोकं एका वेलावरून दुसऱ्या वेलाकडे सरकताना दिसत होतं.

"एकाच फळात काय?" ताईने फोन पुढे केला.

तिने फोडलेलं जायफळ टोपीवाल्यांच्या हातात ठेवलं. "भाऊजी!" तिने हाक मारली. तो कर्ण्याचा खरा आवाज होता. दुकानात बसलेली जाऊसुद्धा उठून बाहेर आली. दीर धावतच आला.

"मंडळींना दालचिनी दाखवा."

"मी? वहिनी, मला कुठे..."

"ती झाडाची साल असते. तेवढं सांगा आणि हसा."

ती उतार उतरली, म्हणजे जवळजवळ घसरलीच. सासरे तिसऱ्या ओळीत उभे होते, एक हात आधाराच्या झाडावर, दुसरा वेलाच्या घोसात. बोटं सवयीने चालली होती, दोन बोटांत कळी, हलका पीळ, टोपलीत. टोपली पाऊण भरली होती. लांबट, हिरव्या, मांसल कळ्या. पुढचे कित्येक आठवडे रोज एकेक करून उमलायच्या कळ्या.

"बरं झालं मीच आलो," ते म्हणाले. "काही माल फुलून गेला होता. उरलेला वाचवला."

"मामंजी, हे काय केलंत?"

"खुडलं. तू वर भाषण ठोकत होतीस. म्हणालीस ना, फुलांचं कुणी बघत नाही?"

"ही लवंग आहे का?"

"लवंग नसली म्हणून काय झालं? कळी ती कळीच."

"हिचं फूल व्हायला हवं! फूल झाल्यावर त्याला हात लावायचा, मग शेंग धरते! कळी खुडली की संपलं!"

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग टोपलीकडे बघितलं. "उमलल्यावर?" त्यांच्या आवाजात शंका नव्हती, निव्वळ अविश्वास होता. "उमललेल्या फुलातून कुणाला कधी काही मिळालंय?"

"व्हॅनिलावाल्यांना मिळतं!"

"मग ते लोक वेडे आहेत."

तिला रडायला येत नव्हतं. तिला ओरडायचं होतं, आणि बेटावर ओरडायला एकही जागा रिकामी नव्हती. वर पाहुणे होते, खाली समुद्र, आणि समोर ऐंशीच्या घरातला माणूस, जो वाईट गुडघ्यांनी हा उतार उतरून तिच्यासाठी काम करायला आला होता. तिने वेलाकडे पाहिलं. घोसच्या घोस भुंडे झाले होते. मग तिला मध्येमध्ये काहीतरी पिवळं दिसलं.

"ही का सोडलीत?"

"ती फुललेली. ती वाया गेली. त्यांना कोण हात लावणार?"

लवंगवाल्याच्या हाताने नेमकी आजची फुलं तेवढी शिल्लक ठेवली होती. आणि वेलावर काल-परवाच्या दोन-चार दाबलेल्या फुलांचे देठही होते. तिने अंबाड्यातली काडी काढली. ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं.

ती कामाला लागली. पडदा उचल, दाब, पुढचं. सासरे थोडा वेळ उभे राहिले.

"मी करू का?"

"तुम्ही कशालाही हात लावू नका."

ते एका बुंध्याला टेकून बसले. आणि मग बोलू लागले. लवंगेच्या कळीला किती लाली आली की खुडायची, पावसाळी हवेत चटई किती वेळा उलटायची, त्यांच्या वडिलांनी एकदा फुललेली लवंग दिसली म्हणून भावाला कसं झाडावरून खाली उतरवलं होतं. वरून दिराचा आवाज येत होता. "ही दालचिनी. ही म्हणजे... ही बघा, हीच ती." पाहुणे हसत होते. जिथे चार वर्षं ती पानांचा आवाज ऐकत होती, तिथे आता दोन्ही बाजूंनी भाषण चालू होतं. शेवटचं फूल दाबेपर्यंत काही फुलांनी मान टाकली होती. ती तिने तशीच सोडली.

पाहुणे दुकानात शिरल्यावर दीर खाली आला. टोपली बघून थबकला. मग त्याला सगळं उमगलं, आणि तोंडावरचं हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"अरेरे," तो म्हणाला. "वहिनी, खरंच वाईट झालं हो." मग जरा थांबून, "म्हणजे शेंगा काही धरायच्या नाहीत आता."

"आजच्या धरतील."

"मूठभर! बाबा म्हणाले होते शेंगा. मूठभर नाही." तो आजूबाजूला बघू लागला, म्हणजे मापच घेऊ लागला. "गवंड्याला दुपारी यायला सांगितलं होतं. त्याला नको म्हणू, की येऊ दे?"

  ठरलं होतं ते सगळ्या घरासमोर ठरलं होतं, आणि तिने तेव्हा मान हलवली होती.

"गवंडी कशाला?" सासरे म्हणाले.

"वाटेसाठी, बाबा. झोपाळा. तुम्हीच म्हणाला होतात."

"वाट कुठली? माझा माल वाळायचाय इथे."

"कसला माल?"

सासऱ्यांनी टोपलीवर हात ठेवला.

"बाबा, हा माल नाहीये. वहिनीच सांगतायत, कळ्यांचा काही उपयोग नाही."

"तिला काय कळतं? तुला काय कळतं? वाळल्याशिवाय मालाचं कधी कळतं का?" ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि अंगणातून आणलेली चटई झाडांखाली पसरू लागले. "वर अंगणात तुझे पाहुणे चपला घालून चटईवर उभे राहतात. इथेच वाळवणार. माल वाळेपर्यंत इथे कुणी पाय ठेवायचा नाही. गवंडी नाही, झोपाळा नाही, ती काडीला फोन लावणारी तर मुळीच नाही."

"किती दिवस?"

"ते मालाला विचार."

दीर वर गेला. त्याला दुकानात गर्दी असल्याचं निमित्त होतं. सासऱ्यांनी टोपली उपडी केली आणि कळ्या चटईवर एकसारख्या पसरल्या, एकावर एक येणार नाही अशा, जन्मभर लवंग पसरली तशा.

ती बघत होती. कळ्या मांसल होत्या, त्या वाळणार नव्हत्या, सडणार होत्या. आणि वर दाट पानं होती. भर दुपारीही या जागी जमिनीवर ऊन पोचत नाही.

"मामंजी," ती म्हणाली, "इथे ऊन येत नाही."

"वाळवणाचं मला सांगतेस?" सासरे म्हणाले आणि एक कळी सरळ केली.

तिने काडी पुन्हा अंबाड्यात खोचली. वर टोपीवाले गृहस्थ दुकानात काळ्या मिरीवरून जावेशी हुज्जत घालत होते, आणि लाँचची वेळ जवळ आली होती. ती गेली, त्यांना धक्क्यापर्यंत पोचवून आली.

कळ्या आठवड्याभरात काळ्या पडून सडल्या. सासऱ्यांनी त्या स्वतः वेलांच्या बुंध्याशी टाकल्या आणि चटईवर लवंगेचे देठ पसरले. त्यांनाही तिथे ऊन लागत नाही, म्हणून ते वाळत नाहीत, म्हणून चटई हलत नाही. गवंडी दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याला चहा मिळाला.

आता सासरे रोज सकाळी उतार उतरतात, एका हाताने तिचा खांदा धरून. ती शेंगांचे वेल सावरते. शेंगा थोड्या आहेत, पण लांब आणि सरळ आहेत. ते देठ उलटतात, मग बसतात, आणि मग लवंगेच्या हंगामाबद्दल पहिल्यापासून सुरू करतात. अख्ख्या बेटावर न बोलण्याची एकच जागा होती, ती अशी गेली.

"मामंजी, जरा गप्प बसाल का?" परवा तिने न राहवून विचारलं.

"बसलोच आहे की," ते म्हणाले, आणि त्यांच्या वडिलांनी चटई कशी विणली होती ते सांगू लागले.